ब्याजार

वडगावात आमची शाळा मागांच्या भिंतीला टेकून उभी आहे.
पलीकडे चाळीसेक पॉवरलूम, खटक् खटक्,
अलीकडे सहावीचा वर्ग, पटावर एकोणीस.
(मी रुजू झाले तेव्हा त्रेसष्ट होते. ते असो.)

निबंध दिला, माझे घर.
एकोणीस वह्यांत एकच घर आलं:
पुढे अंगण, अंगणात तुळस, गोठ्यात कपिला गाय.
गाइडातली गाय ती.
आमच्या गल्लीत दोन घरांच्या मधून सायकलसुद्धा तिरकी न्यावी लागते.
मी लाल पेनानं तिच्या शेपटीतले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले
आणि दहापैकी सहा दिले, सगळ्यांना, गाईसकट.

प्रशिक्षणात एक तक्ता मिळाला,
सोळा गोल चेहरे: आनंद, राग, भीती, हेवा वगैरे.
रोज सकाळी विचारा म्हणाले, आज तुमचा चेहरा कुठला?
विचारलं.
आठवडाभर सगळे पहिल्याच चेहऱ्यावर बोट ठेवत राहिले,
कारण तो पहिला होता, आणि हसरा होता,
आणि बाईंना तोच हवा असणार
एवढं त्यांना न शिकवता कळत होतं.

मग एका गुरुवारी लाईट गेली.
माग थांबले.
फळ्यावर खडू घासतोय हे मलाच नव्यानं ऐकू आलं.
आणि भरमू मुचंडीकरनं दोन्ही हात कानांवर ठेवले.

आवाजाला कान झाकणारी पोरं पाहिलीत मी.
आवाज थांबल्यावर झाकणारं हे पहिलंच.
त्याच्या बाकावर जाऊन बसले. काय होतंय रे?
"काय की, बाई."
तक्त्यावर दाखव बघू.
सोळाही चेहऱ्यांवरून बोट फिरवलं त्यानं, मान हलवली.
"ह्यात नाही. ब्याजार झालंय मला."

मागून कुणी फिदकलं, कन्नड बोलायलाय!
मराठीत माणूस बेजार होतो.
त्याच्या आईच्या बोलीत, बैलहोंगलकडच्या,
ब्याजार माणसाला होतं,
पडसं होतं तसं,
त्याचा काही दोष नसताना.

कुठं होतंय?
"हितं." गळ्याखाली, बटणापाशी.
रुक्साराचं पोटात होतं. ओमकार कणबरकरचं तळहातात.
फिदकणाऱ्याचं कुठंच नव्हतं,
मग थोड्या वेळानं होतं.

म्हटलं, लिहा तर. अडला शब्द आईचा घाला, आजीचा घाला.
हे बघा, लाल पेन कपाटात ठेवलं.
मीपण लिहिते.

भरमूचं दीड पान:
माग चालू असला की आमच्या घरात कुनाला काय ऐकू येत नाही.
तेच बरं असतंय.
लाईट गेली की पप्पा आपल्या हाताकडं बघत बसतेत.
मग आई बोलते, हळू. मग पप्पा बोलतेत, हळू.
ते कूजबूज मला लई मोठ्यानं ऐकू येतंय.
मी कांड्या मोजतो. दोनशे झाल्या की परत एकपासनं.

सव्वीस चुका. मोजल्या मी, सवय.
सुधारली एकही नाही. खाली पेन्सिलनं लिहिलं:
मी लहानपणी आढ्याची कौलं मोजायची.
अजून आकडा पाठ आहे.

दुसऱ्या दिवशी शाळा उघडायच्या आधी तो दारात, वही छातीशी.
"बाई, कुजबुज ऱ्हस्व की दीर्घ?"

बावीस वर्षं हा प्रश्न मीच विचारत आले.
पोरानं येऊन विचारला,
तर क्षणभर मलाच आठवेना.
दोन्ही ऱ्हस्व, म्हटलं.

त्यानं विचार केला.
"आमच्या घरातली दीर्घ असतीया, बाई."

तेवढ्यात माग सुरू झाले.
मी काहीतरी म्हणाले, ते दोघांनाही ऐकू आलं नाही.
तो पायरीवर बसून खोडत होता,
परत लिहीत होता,
आणि परत खोडत होता.